मनू, सही करायच्या आधी

चि. मनू,

काल तू "बाबा, प्लीज, आता नको" म्हणून फोन ठेवलास. आई म्हणाली लिहून पाठवा, बोलायला गेलं की तुम्हा दोघांचाही आवाज चढतो. म्हणून टाइप करतोय. त्या कोर्सवाल्यांच्या ॲग्रीमेंटचा, नोकरी लागल्यावर पगारातला हिस्सा द्यायच्या त्या कागदाचा, विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय.

पहिली गोष्ट, तू आयटीत जातेस, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधे, हे मला मनापासून पटलंय. आत्या काय म्हणते ते सोड, तिला दादाच्या वेळीही असंच वाटलं होतं. कंपनी बंद झाल्याचं कळल्यापासून तू एक दिवससुद्धा हातपाय गाळून बसली नाहीस, हिशोब घेतलास, ओजूची शाळा बघितलीस आणि लगेच पुढचं शोधायला लागलीस, हे मी सगळ्यांना सांगत असतो. तुलाच कधी सांगितलं नसेन.

पण काल तू एक वाक्य बोललीस ते डोक्यातून जात नाहीये. "मला तिथे फ्रेशर म्हणूनच घेतील, माझा अनुभव शून्य." शून्य कसा ग? इतकी वर्षं कारखान्यात क्वालिटीत, माल तपासण्यात काढलीस ती कुठे गेली? रात्री मी त्या टेस्टिंगच्या परीक्षेचा सिलॅबस वाचत बसलो, आयएसटीक्यूबी फाउंडेशनचा, फुकट डाउनलोड होतो. त्यात बाउंड्री व्हॅल्यू म्हणून एक प्रकार आहे. समज फॉर्मवर वय 18 ते 60 एवढंच चालतं, तर टेस्टर 35 टाकून वेळ घालवत नाही, तो 17, 18, 60 आणि 61 टाकून बघतो, कारण चूक बहुतेक वेळा काठावर सापडते. मग तू गो आणि नो-गो गेज घेऊन दुसरं काय करत होतीस? टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या, दोन्ही टोकांनाच तर पकडत होतीस. आणि तुझे रिजेक्शन रिपोर्ट, कुठला लॉट, कुठलं माप, किती हवं होतं, किती आलं, हे पुन्हा कसं बघायचं, कुणी उघडून बघितलं तरी कळेल असे. बग रिपोर्टमधे हेच मागतात, स्टेप्स लिही, काय व्हायला हवं होतं ते लिही, प्रत्यक्षात काय झालं ते लिही. डेव्हलपर म्हणतो "माझ्या मशीनवर तर चालतंय", तसंच तुझा तो प्रॉडक्शनवाला म्हणायचा ना, "मॅडम, एवढं चालतं"? आणि तू नाही सोडायचीस. हा स्वभाव कोर्समधे शिकवता येत नाही.

तू स्वतःला शून्य धरून बसलीयस म्हणून तो कागद तुला स्वस्त वाटतोय. झालं, आलाच विषय. आता आलाच आहे तर लिहितो.

"नोकरी लागल्यावरच पगारातला हिस्सा द्यायचा" हे ऐकायला छान आहे. पण त्यांच्या लेखी नोकरी म्हणजे काय? तीन महिन्यांचं इंटर्नशिप धरतात का? कॉल सेंटर धरतात का? हिस्सा किती वर्षं, कमाल किती, मधेच सोडलंस तर काय, आणि तुझी तुझी जुन्या फील्डमधे नोकरी लागली तरी द्यायचा का? त्या ब्रोशरवर यातलं एकही उत्तर नाही, फक्त नोकरी लागलेल्यांची टक्केवारी मोठ्या अक्षरात. कोर्स अर्धवट सोडणाऱ्यांना त्या टक्केवारीतून वगळलंय का हेही विचार. मी उगाच संशय घेत नाहीये. 2024 मधे अमेरिकेत ग्राहकांच्या आर्थिक हक्कांसाठी असलेल्या सरकारी संस्थेने ब्लूमटेक नावाच्या कोडिंग स्कूलवर कारवाई केली, जिचं आधीचं नाव लॅम्बडा स्कूल. जाहिरातीत 71 ते 86 टक्के मुलांना सहा महिन्यांत नोकरी, आणि त्यांचेच आतले आकडे 50 च्या आसपास, काही तर 30 पर्यंत खाली. आणि पगारातल्या हिश्श्याचा करार म्हणजे कर्ज नाही असं मुलांना सांगितलं होतं, ते कर्जच निघालं. सगळे तसे नसतात, माहितेय मला. तुझ्या वर्गात शिकवणारी ती मुलगी चांगली आहे म्हणालीस, असेलही. पण कागद ती लिहीत नाही.

बघ, परत लेक्चर झालं. रागावू नकोस.

आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधे जुनी यंत्रं काढून इलेक्ट्रॉनिक बसवली तेव्हा काय वातावरण होतं ते तुला आठवणार नाही, लहान होतीस. पण ते कॉल जोडणारे जुने सिलेक्टर तुला आठवतील, मी तुला एकदा आत नेलं होतं, कुणी नंबर फिरवला की टकटक करत वर चढायचे आणि तू उभी राहून टकटक मोजून मला आकडे सांगत होतीस, "तीन, बाबा, आता सात". बाहेर यायला तयार नव्हतीस. नंतर तो सगळा हॉल शांत झाला, रिले साफ करणारे, ॲडजस्ट करणारे आमचे हात एकदम बिनकामाचे. ट्रेनिंगला माझ्या शेजारी विशीतली पोरं होती, कीबोर्डवर भराभर बोटं चालायची त्यांची. मला वेळ लागला. पण लाइन बंद असली की ती पोरं स्क्रीनकडे बघत राहायची आणि आम्ही आधी केबल बघायचो, मग जंपर, मग पुढे, एकेक टप्पा वगळत. दोषापर्यंत आम्हीच आधी पोचायचो. तुला हे सांगतोय कारण तुलाही सुरुवातीला तशीच पोरं शेजारी मिळतील आणि पहिले काही महिने तुला वाटेल की आपण मागे आहोत.

बरं, कामाचं. ती परीक्षा कोर्स न करताही देता येते, 40 प्रश्न, 60 मिनिटं, 26 बरोबर आले की पास, आणि मातृभाषेत नसेल तर जास्तीचा वेळ मागता येतो, तो माग. नुसत्या सर्टिफिकेटवर नोकरी मिळेल असं मी म्हणत नाही. एसक्यूएल, ती डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शीक, कारण स्क्रीनवर दिसतं ते डेटाबेसमधे खरंच गेलं का हे बघायला ते लागतंच. टेस्ट आपोआप चालवायला थोडं पायथन प्रोग्रॅमिंग शीक, हाताने टेस्ट करायची कामं कमी होतायत, एआयमुळे आणखी होतील, हे तूच मला सांगितलंस आणि त्यामुळे मला झोप नाही हेही खरं. कुठलीही चालू वेबसाइट घे, तिच्यातल्या चुका शोध आणि दहा-बारा रिपोर्ट नीट लिहून ठेव, इंटरव्ह्यूला दाखवायला. आणि मनू, सगळ्यांबरोबर एकाच रांगेत उभी राहू नकोस. कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या आहेत, ईआरपी म्हणजे कंपनीचा सगळा कारभार एकत्र ठेवणारी, क्वालिटीची, इन्स्पेक्शनची, मेडिकल उपकरणांची. त्यांना शॉप फ्लोअर माहीत असलेला, क्वालिटीच्या आयएसओ 9001 मानकाचं ऑडिट अंगावर घेतलेला टेस्टर हवा असतो आणि सहज मिळत नाही. एसएपी या ईआरपी सॉफ्टवेअरमधे तू रोज लॉट क्लिअर करायचीस ना? ते रेझ्युमेत वरच लिही, खाली इतर माहितीत नको.

अजयरावांशी बोललीस का कागदाबद्दल? ते शांत डोक्याचे आहेत. हिशोबाचे पैसे एकदाच आलेत ग, पुन्हा येणार नाहीत, आणि शुक्रवारपर्यंत सही केली तरच सवलत असं म्हणतात तेच मला खटकतंय. चांगला कोर्स सोमवारीही चांगलाच असणार.

तरीही तुला तोच करायचा असेल तर कर, मी आड येणार नाही, ओजूला आम्ही सांभाळू. फक्त मागच्या दोन बॅचच्या पाच जणांचे नंबर माग, त्यांनी निवडून दिलेले नकोत, यादीतून तू निवड. आणि सगळी पानं स्कॅन करून पाठव, मागची बारीक अक्षरातली पण. मी वाचतो आणि जिथे कळत नाही तिथे खूण करतो, सही करायची की नाही ते तू ठरव.

आईच्या डोळ्याची तारीख पुढे गेलीय, त्यासाठी धावत येऊ नकोस. अभ्यास कर.

तुझे,
बाबा