गाडी मुंब्र्याला का अडकते?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी कळव्याला राहते, मुलगी ठाण्यात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करतेय. गेल्या आठवड्यात तिला पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचं प्रॅक्टिकल होतं, अगदी सोपं, टेक्स्ट फाईल उघडायची, शब्द मोजायचे, सगळ्यात लांब शब्द कुठला ते सांगायचं. सॅम्पल फाईल अर्थात इंग्लिश. हिने घरी हौसेने नोटपॅडमध्ये आपली स्टेशनं मराठीत टाईप केली, ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर असं पार कल्याणपर्यंत, एका ओळीवर एक, आणि रन केलं तर लाल अक्षरात एरर, पोझिशन ३३ वरचा बाइट (फाईल ज्या छोट्या तुकड्यांत साठवतात त्यातला एक) वाचता येत नाही म्हणे.

रात्रीचे साडेदहा, भांडी तशीच, आणि आम्ही दोघी कागदावर बाइट मोजतोय. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे नोटपॅड अक्षरं ज्या पद्धतीने साठवतं त्यात, तीन बाइट खातं, विंडोजवर ओळ संपली की आणखी दोन, मोजणी शून्यापासून. ३३ म्हणजे बरोब्बर मुंब्र्यातल्या म चा उकार! फाईल कुठल्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत) आहे हे सांगितलं नाही तर पायथन तिच्या विंडोजवर १२५२ नावाचा, कुठल्या बाइटचं कुठलं अक्षर ते सांगणारा जुना तक्ता लावतो, पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेला, त्यात काही घरं रिकामी आहेत आणि आपल्या उकाराचा शेवटचा बाइट नेमका त्यातल्या एकात पडतो.

मग तिने फक्त ठाणे आणि कळवा ठेवून पाहिलं. एरर गायब, पण शब्द मोजले तीन! ठ चा शेवटचा बाइट त्या तक्त्यात स्पेस निघतो, म्हणून ठाण्याचे दोन तुकडे. मला तर हे एररपेक्षा वाईट वाटलं, कारण कोणाला कळणारच नाही.

उपाय एवढाच की फाईल ओपन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं लिहायचं. ते केलं आणि गाडी सुटली, तर पुढे वेगळीच गंमत. आपण कोपर तीन अक्षरी म्हणतो आणि मुंब्रा दोन अक्षरी, प्रोग्राम म्हणतो कोपर ४ आणि मुंब्रा ७, कारण तो मात्रा, अनुस्वार, सगळं वेगवेगळं मोजतो. मग लांब कुठला? यावर आमचं घरात अजून भांडण चालू आहे.

सरांना विचारलं तर म्हणाले, इंग्लिश फाईल घे, मार्क जात नाहीत. सरांचा राग नाही हो, जर्नलमध्ये जे छापलंय तेच ते घेणार. पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठीच्या जगभरच्या लिप्यांच्या सामाईक यादीत, देवनागरी १९९१ पासून आहे, मराठीला अभिजात दर्जा २०२४ मध्ये मिळाला, आणि पोरांच्या प्रॅक्टिकलला एक मराठी फाईल नाही? सिलॅबस ठरवणाऱ्यांनी दहातली एक तरी द्यावी, हवं तर तुमच्याच पेपरातली एखादी बातमी घ्या, जोडाक्षरं भरपूर असलेली.

आपली,
एक वाचक, कळवा (ठाणे)