अमेयच्या दोन ऑफर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

अमेय अजून अमेरिकेतल्या नोकरीला 'हो' म्हणत नाही म्हणून बाबा, तुम्ही वैतागला आहात, असं आईकडून कळलं. जर्मनीतल्या ऑफरच्या दीडपट पगार मिळतोय, मग घोडं अडलंय कुठे, असं तुमचं म्हणणं. ते अडलंय ऑफर लेटरमधल्या बारीक अक्षरांत. माझं पोट त्याच अक्षरांवर चालतं, म्हणून सविस्तर लिहिते. फोनवर तुम्ही मला पुरं बोलू देत नाही.

माझं काम नेमकं काय, हे आईने मला अनेकदा विचारलंय. एखादी जागा कुठल्या देशात भरली तर कंपनीला एकूण किती खर्च येईल, याचा तक्ता मी बनवते. पगार हा त्यातला फक्त पहिला रकाना. पुढे पेन्शनमधला कंपनीचा हिस्सा, आरोग्य विमा, भरपगारी रजा, आजारपण, कामावरून कमी केल्यास द्यावी लागणारी रक्कम. जर्मनीत कंपनीला पगाराच्या साधारण पाचवा हिस्सा वरून भरावा लागतो, फ्रान्समध्ये बऱ्याचदा त्याच्या दुपटीच्या आसपास. हे सगळे रकाने बघून जागा कुठे उघडायची ते ठरतं. नोकरी घेणारा मात्र बहुतेक वेळा पहिला रकाना वाचून सही करतो.

आता अमेरिका. तिथे आरोग्य विमा नोकरीला चिकटलेला असतो, याचं कारण मोठं गमतीचं आहे. १९४२ मध्ये, ऐन युद्धात, महागाई रोखायला सरकारने पगार गोठवले. कामगारांची तर टंचाई, आणि पगार वाढवता येईना. विम्याला मात्र ते बंधन नव्हतं. मग कंपन्या विम्याचं आमिष दाखवायला लागल्या. त्यावर कामगाराला करही भरावा लागत नव्हता. युद्ध संपलं तरी पद्धत राहिली. आजही तिथे कित्येक लोक नको झालेली नोकरी केवळ घरच्यांच्या विम्यासाठी धरून ठेवतात. अर्थशास्त्रज्ञ याला 'जॉब लॉक' म्हणतात.

बाहेरून गेलेल्याला तर दोन कुलपं. एच-वन-बी, म्हणजे कंपनीने काढून दिलेल्या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली, तर दुसरी शोधायला किंवा सामान आवरायला फार तर ६० दिवस मिळतात. असा माणूस साहेबाशी पगारवाढीसाठी कितीसा भांडेल? कितीसा रजेसाठी हटून बसेल? आणि भरपगारी रजा द्यायलाच हवी असा राष्ट्रीय पातळीवरचा कायदाच तिथे नाही, जी मिळते ती कंपनीच्या मर्जीने. घरातलं कोणी गंभीर आजारी पडलं तर १९९३ च्या कायद्याने १२ आठवड्यांची रजा आहे, पण बिनपगारी, तीही कंपनीत ५० माणसं असतील आणि रजा मागणाऱ्याचं तिथे एक वर्ष भरलं असेल तरच. तुमच्या दोघांच्या वयाकडे बघून मी हे कलम आधी वाचलं. राग मानू नका.

जर्मनीत पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवस भरपगारी रजा कायद्यानेच मिळते, कंपन्या सहसा त्याहून जास्त देतात. आजारी पडलं तर सहा आठवडे पूर्ण पगार, पुढे विमा बघतो. विमा नोकरी गेली म्हणून तुटत नाही.

म्हणून जर्मनी म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. एक माणूस वर्षाला सरासरी जेमतेम १३५० तास काम करतो असा आकडा बाबांनी वाचलाय, अमेरिकेत तो १८०० च्या घरात. पण त्या सरासरीत अर्धवेळ काम करणारे भरपूर आहेत, आणि त्यात बायका जास्त. मूल झालं की आईचे तास घटतात आणि पुढे ते वाढता वाढत नाहीत. हे मला खटकतं. 'चार दिवसांच्या आठवड्याने देशाची भरभराट टिकणार नाही', असं चान्सलर मेर्त्झ २०२५ मध्ये म्हणाले, तेव्हा त्यांना नक्की कोणाचे तास वाढवायचे होते, कोण जाणे.

तासांच्या बाबतीत मी रोज बघते ते मात्र वेगळंच आहे. फ्रान्समध्ये २००० पासून आठवडा ३५ तासांचा. कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलपासून मोकळं राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आला. ऑस्ट्रेलियानेही २०२४ मध्ये तसा कायदा केला. चांगलंच आहे. पण काम थोडंच थांबतं? पॅरिसमधला माणूस संध्याकाळी लॅपटॉप मिटतो, आणि त्याचं अर्धवट काम दुसऱ्या खंडातल्या कोणाच्या तरी पदरात पडतं. त्या माणसाच्या करारात 'कामाच्या गरजेनुसार वेळ' एवढंच लिहिलेलं असतं. बऱ्याचदा तो कर्मचारीही नसतो, कॉन्ट्रॅक्टर असतो. म्हणजे रजा नाही, पेन्शन नाही, माझ्या तक्त्यातले पुढचे सगळे रकाने शून्य. एका देशाने चांगले नियम केले की काही काम असं घरंगळत जातं.

आणि हे आजचं नाही. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना निघाली, तेव्हाच तिच्या घटनेच्या प्रस्तावनेत लिहिलं गेलं की एखाद्या देशाने कामगारांना माणुसकीने वागवलं नाही, तर सुधारू पाहणाऱ्या बाकीच्या देशांच्या वाटेत तो अडसर ठरतो. तिचा पहिलाच करार दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांचा होता. ब्रिटिश हिंदुस्थानसाठी मात्र त्यात वेगळं कलम घातलं, ६० तासांचं! अमेरिकेने तो करार आजतागायत मंजूर केलेला नाही.

पेन्शनचं तर कोणी विचारतच नाही. अमेरिकेत अमेयच्या पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीला, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेला जातील, कंपनीही तेवढेच भरेल. पण पेन्शनचा हक्क मिळायला साधारण दहा वर्षांचं काम लागतं, आणि भारत-अमेरिकेत याबाबत करारच नाही. सहा वर्षांनी परतला तर त्या पैशावर पाणी. जर्मनीशी भारताचा करार आहे, दोन्हीकडची वर्षं जोडून हक्क ठरवता येतो. ब्रिटनबरोबरही २०२५ मध्ये असं ठरलं की कंपनीने थोड्या काळासाठी पाठवलेल्या माणसाला तीन वर्षांपर्यंत दोन्हीकडे वर्गणी भरावी लागू नये.

तरीही बाबा, तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. वय तिशीच्या आतलं, तब्येत ठणठणीत, मागे संसार नाही, अशा वेळी सुरक्षिततेपेक्षा रोख पैसा घ्यावा असं कोणालाही वाटेल. जगभरची हुशार मुलं अमेरिकेला जातात त्याचं हे एक मोठं कारण. पाच-सहा वर्षं शिल्लक टाकून परत यायचं असं अमेयचं पक्कं असेल, तर हिशेब अमेरिकेकडे झुकतो. पण त्याला तिकडे स्थिरावायचंय, लग्न करायचंय. म्हणून माझा कल जर्मनीकडे.

त्याने अमेरिकेच्या कंपनीला माझ्या सांगण्यावरून विचारलंय की ग्रीन कार्डची प्रक्रिया कधी सुरू करणार, निवृत्तीच्या खात्यात कंपनी घालते ते पैसे किती वर्षांनी पुरते त्याचे होतात, आणि ऑफरमध्ये 'अमर्याद रजा' लिहिलीय तर त्याच्या टीममधल्या लोकांनी गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती घेतली. अमर्याद रजेत शिल्लक रजा अशी नसते, त्यामुळे नोकरी सोडताना तिचे पैसेही मिळत नाहीत, हे त्याला माहीत नव्हतं.

उत्तरं शुक्रवारपर्यंत यायला हवीत. तोवर बाबा, त्याच्यामागे घाई लावू नका. आणि फोन करायचाच झाला तर त्याच्या ऑफिसच्या वेळात करू नका, हल्लीच्या साहेबाला त्याने अजून काही सांगितलेलं नाही.

तुमची,
मीनल