रेडिएटरमधले जुने कुलंट गटारात नको

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या उन्हाळ्यात मुंबईहून परतताना कसारा घाटात आमच्या गाडीचा तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला आणि इंजिन थंड होईपर्यंत तासभर रस्त्याच्या कडेला थांबावे लागले. दुसऱ्या दिवशी नाशिकमधील एका गॅरेजात रेडिएटरचे झाकण उघडले, तेव्हा कारण लक्षात आले. कमी झालेल्या कुलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, जागी मी दोन वर्षे सोसायटीच्या बोअरचे पाणी भरत आलो होतो. त्यातील क्षारांचा पांढुरका थर आत धरला होता आणि त्यावर गंजाचा तांबूस गाळ साचला होता.

सफाई गरजेचीच होती. परंतु कारागिराने खालचा होजपाइप सोडला आणि ते हिरवट-तपकिरी पाणी थेट रस्त्यावर जाऊ दिले. समोरच्या टपरीखालचे एक कुत्रे आले आणि ते डबके चाटू लागले. मी त्याला हुसकावले, तोवर उरलेले पाणी पावसाळी गटारीच्या जाळीतून खाली गेलेही होते.

बहुतेक कुलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड असल्यामुळे जनावरे त्याकडे ओढली जातात. पोटात गेल्यावर शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल बनते, मूत्रपिंडात स्फटिक साचतात, आणि कुत्र्या-मांजराला थोडेसे कुलंटही जीवघेणे ठरते. वापरलेल्या कुलंटमध्ये इंजिन व रेडिएटरमधील धातूंचे अंशही उतरलेले असतात. आपल्या पावसाळी गटारी नासर्डीला आणि गोदावरीला मिळतात, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको.

याच गॅरेजांत इंजिन ऑइल मात्र थेंबभरही सांडत नाही, कारण जुन्या ऑइलला भाव मिळतो. कुलंटला कोणी विचारत नाही, म्हणून ते गटारात जाते. माझ्या मते अडचण कारागिराच्या बेपर्वाईपेक्षा येथे अधिक आहे.

वास्तविक साठवावे लागणारे द्रव फार नसते. लहान मोटारीत चार ते सहा लिटर कुलंट मावते. इंजिन पूर्ण थंड असताना पहिला उपसा पसरट घमेल्यात घ्यावा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कुलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) बंद असल्याने इंजिनच्या ब्लॉकमधील बरेचसे कुलंट तेव्हा आतच राहते. म्हणून साधे पाणी भरून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवून, ते पुन्हा थंड झाल्यावर दुसरा उपसाही तसाच घमेल्यात घ्यावा. बहुतांश विष या दोन उपशांत निघते. पुढे पाणी नितळ येईपर्यंत धुऊन, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने खंगाळून, कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात नवे कुलंट भरावे. बोअरचे पाणी पुन्हा घालू नये, नाहीतर सगळे श्रम वाया जातात.

महापालिकेने प्रत्येक विभागीय कार्यालयात जुने कुलंट स्वीकारण्याची सोय करावी, आणि गॅरेजांना ते डब्यात साठवणे बंधनकारक करावे, अशी माझी विनंती आहे. २०२७च्या सिंहस्थासाठी असंख्य वाहने शहरात येतील आणि त्यातील कित्येकांची दुरुस्ती येथेच होईल. निदान त्याआधी ही व्यवस्था उभी राहावी. यंदाच्या सफाईत मी घमेल्यात धरलेले कुलंट दोन कॅनमध्ये भरून, त्यावर ‘विष’ असे लिहून, घरी कुलपात ठेवले आहे. केंद्र सुरू होताच ते मी स्वतः तेथे नेऊन देईन.

आपला विश्वासू,
एक वाहनधारक, सिडको, नाशिक