बाबा, ही पुढाऱ्यांची इफ्तार पार्टी नव्हे

लंडन,
22 मार्च 2025

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर इफ्तारचं नाव काढलं तर बाबा म्हणाले, "इफ्तार पार्टी? तू कधी उतरलीस राजकारणात?" आणि आई, तू मागून ओरडलीस, "अगं, शाकाहारी काही होतं का?" मग नागपूरच्या दंगलीच्या बातम्या निघाल्या, बाबांचा आवाज चढला आणि तेवढ्यात माझी बस आली. दोन्ही प्रश्न तसेच राहिले. आज सुट्टी आहे, वॉशिंग मशीन फिरतंय, तोवर सविस्तर लिहून टाकते.

बाबा, तुमचा टोमणा मला मान्य आहे. आपल्याकडे इफ्तार म्हटलं की डोळ्यांपुढे तेच येतं. पांढरे कपडे, कुणीतरी ऐनवेळी डोक्यावर चढवलेली टोपी, कॅमेऱ्याकडे बघत तोंडापर्यंत नेलेला खजूर, आणि लोक नमाजाला उभे राहायच्या आत निघालेली गाडी. निवडणूक जवळ असली की मांडव मोठा. कलामांची गोष्ट तुम्हीच मला सांगितली होती. 2002 साली राष्ट्रपती झाल्यावर त्यांनी राष्ट्रपती भवनातल्या इफ्तारचा खर्च अनाथाश्रमांकडे वळवला. भरल्या पोटाच्या लोकांना आणखी कशाला जेवू घालायचं, हा त्यांचा हिशेब मला आजही पटतो.

इथेही झगमगाट आहेच. 2013 साली ओमर सल्हा नावाच्या 'सोआस' या लंडनच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यानं कॉलेजाजवळ एक छोटा तंबू ठोकला. घरापासून लांब आलेल्या पोरांना खोलीत एकट्यानं रोजा सोडायला लागू नये, एवढाच हेतू. येणाऱ्याजाणाऱ्यालाही बसवून घ्यायचे. त्यातून 'ओपन इफ्तार' उभं राहिलं आणि ते आता ट्रफाल्गर स्क्वेअरमध्ये, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, चेल्सीच्या फुटबॉल मैदानावर होतं. याच महिन्यात, 2 मार्चला, विंडसरच्या राजवाड्यातल्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये साडेतीनशेहून जास्त लोकांनी रोजा सोडला. आणि बाबा, हे खास तुमच्यासाठी: 2022 मध्ये लॉर्ड्सच्या लाँग रूममध्ये इफ्तार झाली. वेंगसरकर ज्या खोलीतून मैदानात उतरले आणि तीनदा शतक ठोकून परत आले, तीच खोली.

पण मी गेले होते ते असलं काही नव्हतं. माझ्या फार्मसीत शेजारच्या काउंटरवर एक सिल्हेटी, म्हणजे बांगलादेशातल्या सिल्हेटकडची, मैत्रीण असते. तिच्या भागातल्या मशिदीनं आणि जवळच्या चर्चनं मिळून गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये बोलावलं होतं.

हा पूर्व लंडनचा भाग. बाबा, तुम्हाला इथली एक वास्तू दाखवायचीच आहे. ब्रिक लेनवरची मशीद मुळात 1743 सालचं प्रार्थनाघर. फ्रान्समधून जीव वाचवून आलेल्या प्रॉटेस्टंट लोकांनी बांधलेलं. पुढे ते मेथडिस्ट पंथाच्या ख्रिश्चनांकडे गेलं, 1898 मध्ये तिथे सिनेगॉग झालं, ज्यू लोक हळूहळू दुसरीकडे गेले आणि 1976 पासून ती मशीद आहे. जो नवा येईल त्यानं तीच इमारत झाडून घ्यायची. ऐकायला गोड वाटतं, पण प्रत्येकानं आधी मार खाल्लेला आहे. 1978 च्या मे महिन्यात अल्ताब अली या तरुण शिवणकामगाराचा कामावरून घरी जाताना रस्त्यात खून झाला, केवळ तो बंगाली दिसतो म्हणून. तिथल्या बागेला आता त्याचं नाव आहे. मैत्रिणीचे वडील त्याच काळात इथे आले. दिवेलागणीनंतर दार उघडायचं नाही, असा घरात नियम होता म्हणे. त्याच माणसानं गुरुवारी हॉलच्या दाराशी उभं राहून आम्हा सगळ्यांना आत घेतलं.

आत जमिनीवर सतरंज्या, त्यांवर कागदाच्या लांब पट्ट्या. प्रत्येकापुढे कागदी ताटलीत तीन खजूर, टरबुजाची फोड आणि पाण्याची बाटली. रोजा सव्वासहाच्या सुमाराला सुटणार होता आणि आम्ही चांगला अर्धा तास आधी पोचलो होतो. चर्चच्या पाद्रीणबाईंनी माईक घेतला, दोन वाक्यं बोलल्या आणि खाली बसल्या. दिवसभर उपाशी माणसांपुढे कोण लांबण लावणार? आपल्याकडच्या सत्कार समारंभांनाही ही अट घालायला हवी.

मग नुसतं बसणं. माझ्यासमोर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता, त्याचा पहिलाच रोजा. त्यानं खजुरांची एक रांग केली, मग त्रिकोण केला, मग परत रांग. दर मिनिटाला आजीचा फोन उलटा करून वेळ बघायचा आणि आख्ख्या पंगतीला जाहीर करायचा. त्याच्याएवढीच आजीही घड्याळाकडे बघत होती, फक्त चोरून. आई, मला तू आठवलीस. या सोमवारी तुझी संकष्टी झाली ना? नऊ वाजून गेले, पोटात कावळे कोकलतायत, पण कालनिर्णयातली चंद्रोदयाची वेळ झाल्याशिवाय पानावर बसायचं नाही. यांच्याकडे मशिदीचं छापील वेळापत्रक असतं, प्रत्येक घराच्या फ्रिजवर चिकटवलेलं. पाहुणे म्हणून आम्ही दुपारी जेवून आलो होतो, पण कुणीही बाटलीचं झाकणसुद्धा उघडलं नाही. अजान झाली, आधी खजूर, मग पाणी, आणि तो मुलगा एका घोटात अर्धी बाटली प्यायला.

आता तुझा प्रश्न. होतं, भरपूर होतं. सिल्हेटी आणि एकूणच बांगलादेशी इफ्तारचा थाट मला आधी ठाऊक नव्हता. कांदा घातलेली डाळीची भजी, तिला ते पियाजू म्हणतात. बेसनात बुडवून तळलेले वांग्याचे काप. मसाल्यातले हरभरे. आणि या सगळ्यात मिसळायला काय, तर चिरमुरे! मोठ्या परातीत चिरमुरे, हरभरे, भजी कुस्करून, वरून कच्चा कांदा, मिरची आणि मोहरीचं तेल. मी म्हटलं, अहो, हे तर आमच्या सांगलीकडचं. तू पाठवलेल्या भडंगाचा डबा मी नेला होता, तो उघडला. लसणीचा वास आला तशा दोन-तीन जणी सरसावून बसल्या आणि पाच मिनिटांत डबा रिकामा. कृती विचारली आहे. चिरमुरे कुरकुरीत राहावेत म्हणून तू काय करतेस ते लिहून पाठव, मला नीट सांगता आलं नाही. बिर्याणी मटणाची होती, ती पलीकडे वेगळी ठेवलेली होती. भज्यांचं तेल वेगळं होतं का, ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस.

खजूर-पाणी झाल्यावर ती मंडळी हॉलच्या एका बाजूला नमाजाला गेली. उरलो आम्ही पाहुणे आणि दाराशी चपलांचा ढीग. माझ्या शेजारी एक आयरिश आजी होत्या, त्या गल्लीत जन्म गेलेला. त्यांची तक्रार तयार होती: रमजानात रात्रीच्या नमाजाला येणारे लोक त्यांच्या फाटकासमोर गाड्या लावतात. नमाज आटोपून मशिदीचे कार्यकर्ते परत आले तशी आजींनी ती तक्रार त्यांच्यापुढेच मांडली, भजी खात खात. त्यांतल्या एकानं ऐकून घेतलं, स्वतःचा नंबर दिला आणि म्हणाला, गाडी दिसली की मला फोन करा, मी स्वतः येऊन हलवतो. सर्वधर्मसमभावावर कुणी चकार शब्द काढला नाही. पार्किंगचं मात्र मिटलं.

माझ्या बाबतीत झालं ते याहून महत्त्वाचं. मैत्रिणीनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की ही हॉस्पिटलात औषधं देते. जेवणं झाल्यावर बायका एकेक करून माझ्याजवळ सरकायला लागल्या. या समाजात मधुमेह खूप आहे आणि रमजानात गोळ्यांच्या वेळा बदलाव्या लागतात. सकाळची गोळी कधी घ्यायची, कोणती कमी करायची, कुणी रोजा धरूच नये, हे सगळं आधी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं असतं. आजारी माणसाला रोजातून सूट आहे, धर्मच देतो, पण सूट घेणं कुणाला आवडतं? (आई, तुला ऑपरेशननंतरही हरतालिका सोडवली नव्हती, आठवतं?) एका मावशींनी हळूच सांगितलं की त्या रमजानात इन्सुलिन बंदच ठेवतात. पूर्ण महिना. दर वर्षी. डॉक्टर रागावतील म्हणून दवाखान्यात कधी बोलल्याच नाहीत. त्या आमच्याच खिडकीवर औषधं न्यायला येतात, बाबा. मी त्यांना कितीतरी वेळा पिशवी दिली असेल, "काही शंका?" असं विचारलंही असेल. खिडकीतून त्यांनी मला हे कधी सांगितलं नसतं. शुक्रवारी त्यांना मधुमेहाच्या नर्सकडे वेळ घेऊन दिली.

घरी येताना बसमध्ये मला आपली गल्ली आठवत होती.

आपण मिरजेचे. ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात रात्र रात्र गाणं ऐकलेले. अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव घेताना बाबा कानाला हात लावतात. घरातला तंबोरा पलीकडच्या सतारवाल्या चाचांनी लावून दिलेला, त्याची जवारी बिघडली की त्यांच्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही. ईदला त्यांच्याकडून शिरखुर्म्याचं साहित्य यायचं, पण कोरडं. शेवया, खारीक, चारोळी वेगवेगळ्या पुड्यांत, दूध तुम्ही तुमचं घाला. त्यांनाही ठाऊक होतं आणि आपल्यालाही. आपल्याकडून दिवाळीचा फराळ जायचा, दारातल्या दारात. मी कुणाला दोष देत नाही. प्रत्येकानं दुसऱ्याची अडचण ओळखून काढलेली ती वाट होती आणि तिच्यात माया होती. पण इतक्या वर्षांत आपण त्यांच्या घरी कधी पाण्याचा घोट घेतला का? ते आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आले का?

2009 च्या गणपतीत अफझलखानाच्या वधाचं चित्र असलेल्या कमानीवरून मिरज पेटली तेव्हा मी शाळेत होते. तेव्हाही रमजान चालू होता. संचारबंदी, दाराला आतून कडी, आणि बाबा जिन्यात उभे राहून चाचांच्या घराकडे बघत होते, जायचं धाडस होत नव्हतं. फोन करायला घरात त्यांचा नंबरच नव्हता. ती गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

बाबा म्हणतील, एका संध्याकाळच्या भज्यांनी काय होतंय? खरं आहे. गुरुवारी आलेले सगळे मुळातच बरे लोक होते. भिंतीवर घाण लिहिणारा माणूस तिथे आला नव्हता. मागच्या वर्षी साउथपोर्टमध्ये लहान मुलींची हत्या झाल्यावर मारेकरी मुसलमान असल्याची अफवा पसरली आणि जमावानं तिथल्या मशिदीवर विटा मारल्या. पण त्याच आठवड्यात लिव्हरपूलला मशिदीबाहेर निदर्शनं झाली, तेव्हा तिथले इमाम बर्गर घेऊन रस्ता ओलांडून निदर्शकांकडे गेले. काहींनी घेतले, बोलत उभे राहिले, एकाला तर त्यांनी मिठी मारली. सगळ्यांनी घेतले नाहीत. तेवढंच होतं, बाबा, आणि तेवढं कमी आहे असं मला वाटत नाही.

म्हणून एक सुचवते, रागावू नका. रमजानचे आठ-नऊ दिवस उरलेत. चाचांना फोन करून विचारा, एक दिवस संध्याकाळी आम्ही दोघं येऊ का? (नंबर नसेल तर त्यांच्या धाकट्याचा माझ्याकडे आहे, खाली देते.) ते "या" म्हणतील याची मला खात्री आहे, उलट चाची घर डोक्यावर घेतील. आई, त्यांना आधीच सांग की आम्ही फळं, भजी एवढंच घेऊ, त्यांनाही बरं पडेल. रिकाम्या हातानं जाऊ नका; आपल्या झाडाचे पेरू न्या, किंवा खजूर. मिनिटभर आधी पोचा, उशिरा नको. बाबा, तुम्ही एकच खजूर खायचा, सरबताला नाही म्हणायचं, आणि मागच्या महिन्याचा शुगरचा रिपोर्ट मला अजून पाठवलेला नाही. राजकारण काढू नका. तंबोऱ्याबद्दल बोला, मिरजेच्या तंबोऱ्यांना जीआय (भौगोलिक) मानांकन मिळाल्यापासून काही फरक पडला का ते विचारा, मलाही ऐकायचंय.

यंदा पाडवा 30 तारखेला आणि ईद चंद्र दिसेल तशी त्याच्या आगेमागे. इथे त्याच दिवशी घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणजे आपल्यात साडेपाचऐवजी साडेचार तासांचा फरक राहील. पाडव्याला तुमच्या दुपारी दीड वाजता फोन करते, गुढी उतरवायच्या आधी दाखवा. भडंग संपलंय.

तुमची,
मुन्नी