नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र: आमच्या ओढ्याचा नकाशा द्या, भिंतींवरच्या रेघा मी देते

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सा.न.वि.वि.

साहेब, मी कृष्णाकाठच्या एका गावची, पूररेषा आणि ओढ्यांचे नकाशे लोकांना सहज मिळावेत म्हणून लिहितेय. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच तिथल्या क्लार्कला नोटीस जायची, आणि त्यानं बिचाऱ्यानं मला चहा पाजला होता. सध्या मी कोपनहेगनमध्ये ऑल्बोर्ग विद्यापीठाच्या कॅम्पसवर सस्टेनेबल सिटीजमध्ये मास्टर्स करतेय. म्हणजे नक्की काय ते घरी कुणालाच कळलेलं नाही, आई सगळ्यांना 'शहराची इंजिनिअर होणार' म्हणून सांगते आणि मी तेच चालू दिलंय, कारण समजवायला बसलं की अर्धा तास जातो.

इथं लेक्चर कमी आणि प्रोजेक्ट जास्त. पाच-सहा जणांचा ग्रुप, एक खरा प्रश्न आणि सेमिस्टरभर त्यावर भांडण. आमच्या वाट्याला आला 2 जुलै 2011 चा पाऊस. त्या दिवशी कोपनहेगनमध्ये दोन तासांत साधारण 150 मिलिमीटर पडला, तळघरं भरली, रस्ते बंद. डॅनिशमध्ये त्याला 'स्क्युब्रुड' म्हणतात, स्क्यु म्हणजे ढग आणि ब्रुड म्हणजे फुटणं, थोडक्यात आपली ढगफुटीच, शब्दाला शब्द. मी ग्रुपमध्ये सांगितलं की मुंबईत 26 जुलै 2005 ला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला होता तर एकाला वाटलं मी एक आकडा जास्त लावला.

तर या लोकांनी 2012 मध्ये ढगफुटीचा आराखडा केला, 20 वर्षं आणि जवळपास 300 कामं. एंगहावे पार्क म्हणून एक बाग आहे ती तर एरवी नुसती बाग, मुलं खेळतात, पण मोठ्या पावसात तिच्यात 22,600 घनमीटर पाणी साठवता येतं. फार भारी वाटलं मला. मग रात्री रूमवर बसून हिशोब केला. कृष्णेला एक लाख क्युसेक पाणी वाहत असेल तर ही अख्खी बाग 8 सेकंदांत भरते. आठ सेकंद! म्हणून साहेब, परदेशातली बाग बघून तसलीच आपल्या घाटावर करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, आणि यांचंही सगळं गोड नाही, 2025 पर्यंत कार्बन न्यूट्रल होणार म्हणून जगभर सांगितलं आणि 2022 मध्ये गुपचूप नाही म्हणता येणार पण सोडून दिलं.

मला हेवा वाटला तो नकाशांचा. डेन्मार्कची सगळी जमीन किती उंच किती खोल याचा डेटा 40 सेंटीमीटरच्या चौकटीत फुकट मिळतो, मी संध्याकाळी लॅपटॉप उघडला आणि जेवायच्या आधी आमच्या गल्लीत पाणी कुठं साचेल ते दिसत होतं. मी परदेशी पोरगी, मला कुणी विचारलंही नाही कशाला पाहिजे म्हणून.

मग ठरवलं थीसिस आपल्याच गावावर करायचा. सुट्टीत आले, ऑफिसात गेले. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला. दुसऱ्या दिवशी अर्ज द्या, तिसऱ्या दिवशी हे आमच्याकडं नाही दुसऱ्या खात्याकडं जा, तिथं गेले तर ते म्हणाले तुमच्याच ऑफिसात असणार बघा. शेवटी कपाटावरून कापडावर चिकटवलेला एक नकाशा निघाला, घडीवर फाटलेला, आणि फाटलेलं नेमकं कुठं तर ओढ्यावर. पूररेषेची स्कॅन केलेली पीडीएफ मिळाली, त्यात निळी आणि लाल दोन्ही रेषा काळ्या, झेरॉक्सवरून झेरॉक्स काढलेली.

हसू येतं पण हसण्यावारी नेऊ नका. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. आमच्याकडं 2005, 2019, 2021, सोळा वर्षांत तीन महापूर. आणि नदी काय काठ ओलांडून एकदम घरात येत नाही, आधी ओढ्यातून उलटी शिरते, त्यामुळं ओढा कुठून जातो, कुठं पाइपात घातलाय, कुणाच्या प्लॉटखाली गेलाय हे माहीत नसेल तर पुराबद्दल काहीच माहीत नाही असं समजा.

मग मी टेप घेऊन घरोघरी फिरले. आमच्याकडं पाणी ओसरलं की लोक भिंतीवर रेघ मारतात, खिळ्यानं, ऑइलपेंटनं, आणि शेजारी साल. आत्याच्या घरात 2005 ची रेघ खिडकीपाशी आणि 2019 ची तिच्यावर हातभर. किराणा दुकानदारानं तर दाराच्या चौकटीवर तारीख आणि वेळसुद्धा लिहून ठेवलीय, पाणी कधी चढलं कधी उतरलं. 41 घरांतल्या रेघा मोजल्या, लोकेशन घेतलं, एक्सेलमध्ये भरलं. माझ्या गाइडला हे इतकं आवडलं की विचारू नका, मला मात्र जरा लाजच वाटली.

नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात आहे की देशातल्या 7,933 शहरी वस्त्यांपैकी 65 टक्क्यांना मास्टर प्लॅनच नाही, आणि राज्यांच्या नगररचना खात्यांत मिळून 12,000 हून जास्त प्लॅनर लागतात तिथं मंजूर पदं 3,945, त्यातलीही 42 टक्के रिकामी. पदं भरायला वेळ लागतो, मान्य. पण नकाशा अपलोड करायला?

पूररेषा जलसंपदा खातं आखतं हे मला माहितेय, तिकडं बोट दाखवू नका प्लीज. बांधकाम परवानगी तुमच्या खात्याच्या नियमांनी मिळते, आणि 2020 च्या एकत्रित नियमावलीत निळी-लाल रेषा बघूनच परवानगी द्यायची असते, मग प्लॉट घेणाऱ्या माणसाला ती रेषा घरबसल्या का दिसू नये? प्रत्येक नदीकाठच्या गावाच्या पूररेषा आणि ओढे-नाले शेपफाइलमध्ये, म्हणजे कंप्युटरवर थेट नकाशा म्हणून उघडेल अशा फाइलमध्ये, वेबसाइटवर टाका, स्कॅन नको, अर्ज नको, जावक नंबर नको.

माझी 41 रेघांची फाइल तयार आहे, घरमालकांची नावं काढलीत, खात्यानं मागितली तर लगेच पाठवते. थीसिस जूनमध्ये द्यायचाय. ओढ्याची जागा नकाशात अजून कोरी आहे, त्याआधी काही मिळालं तर बघा.

आपली,
कृष्णाकाठची एक विद्यार्थिनी