निवळीपासून लवणस्तंभापर्यंत एकच अभिक्रिया

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यार्थ्यांसाठी लिहिल्या जाणाऱ्या मजकुरात रसायनशास्त्र आणि भूशास्त्र यांची इतकी काटेकोर वाटणी झालेली असते की, दोन्हीकडे तीच अभिक्रिया शिकवली जात आहे, हे मुलांच्या ध्यानातही येत नाही. याचे ठळक उदाहरण म्हणजे चुनखडी, हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचाच खडक.

चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडला की न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या बारीक कणांमुळे ती दुधाळ होते, एवढे लिहून प्रयोगवही मिटली जाते. खरी गंमत त्यापुढे आहे. वायू तसाच सोडत राहिल्यास दुधाळपणा ओसरतो, कारण कार्बोनेट, पाणी आणि जादा वायू यांच्यापासून विद्राव्य कॅल्शियम बायकार्बोनेट बनते. तेच द्रावण उकळले की वायू निघून जातो आणि ते पुन्हा गढूळ होते. (त्यासाठी निवळी निम्मी पातळ करावी आणि संगमरवराचे तुकडे व विरल हायड्रोक्लोरिक आम्ल यांपासून मिळालेला वायू पाण्यातून धुऊन घ्यावा. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्केच असतो, त्यामुळे नळीतून फुंकणाऱ्याला दम लागतो, निवळी मात्र स्वच्छ होत नाही.)

आता भूगोलाच्या पुस्तकातील चुनखडीची गुहा पाहावी. शुद्ध पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट लिटरमागे जेमतेम १५ मिलिग्रॅम विरघळते. तेवढ्याने गुहा कोरल्या जाणे कठीणच. परंतु पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन मुळातच किंचित आम्लधर्मी झालेले असते, त्याचा सामू साधारण ५.६ भरतो, आणि ते मातीतून झिरपताना, मुळांच्या व सूक्ष्मजीवांच्या श्वसनामुळे तेथे हवेच्या कितीतरी पट साठलेला हा वायू त्यात आणखी मिसळतो. असे पाणी खडकाच्या भेगांत शिरून चुनखडी विरघळवते. निवळीचा दुधाळपणा जसा ओसरतो, तसाच हा खडक ओसरतो.

छताला लोंबणाऱ्या थेंबात याच्या नेमके उलट घडते, आणि येथेच बहुतेक लेखनात चूक होते. पाण्याची वाफ होऊन क्षार मागे उरतो व त्यातून लवणस्तंभ (गुहेच्या छताला लोंबणारा खनिजाचा सुळका) वाढतो, असे सर्रास लिहिले जाते. पण खोल गुहेतील हवा बहुधा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. तेथे बाष्पीभवनाला फारसा वाव नसतो. मुख्य कारण असे की, गुहेतील हवेत कार्बन डायऑक्साइड मातीतल्यापेक्षा कमी असल्याने तो थेंबातून निसटतो, बायकार्बोनेटचे पुन्हा कार्बोनेट होते आणि थेंबाच्या कडेला कॅल्साइटचा (स्फटिकरूप कॅल्शियम कार्बोनेटचा) पातळ थर बसतो. परीक्षानळीत उष्णतेने जे मिनिटांत होते, ते येथे उष्णतेवाचून, हजारो वर्षे चालते. साबणाला फेस येऊ न देणारे दुष्फेन पाणी उकळल्यावर भांड्याच्या तळाशी बसणारा पांढरा थरही बव्हंशी हाच.

तेव्हा विद्यार्थ्यांसाठी मजकूर देताना ही अभिक्रिया दोन्ही दिशांनी, एकाच लेखात आणि समीकरणासह द्यावी, अशी विनंती आहे. लेखाखाली व्याख्या विचारण्याऐवजी, बाष्पाने भरलेल्या गुहेत लवणस्तंभ कसा वाढतो, एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुरे.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक