सिस्टर, त्या खोडलेल्या ओळीसाठी थँक्यू

सिस्टर, तुमचं नाव विचारायचंच राहून गेलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. बाळ पाच आठवड्यांचं झालंय, आत्ता मांडीवर झोपलंय, एका हाताने टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

तुमच्याकडे यायच्या आधी मी दुसरीकडे तपासणीला जायचे. वजन, बीपी, रक्त, लघवी सगळं वेळच्या वेळी व्हायचं, पण काही विचारायला तोंड उघडलं की "चला, पुढच्या कोण?" हिमोग्लोबिन ९.२ आलं तेव्हा लोहाच्या गोळ्या हातावर ठेवल्या, त्यांनी शी काळी होते हे कुणी सांगितलंच नाही, मी आपली रक्त जातंय समजून रात्रभर जागी. डोकं दुखतं म्हटलं तर "होतं असं दिवसांत". एक वाक्य नीट बोलायला किती वेळ लागतो हो?

तुम्ही मात्र माझ्या मुठीतली चुरगळलेली चिठ्ठी बघितलीत आणि म्हणालात "आणा इकडे, बघू". एकेका प्रश्नावर टिक करत गेलात. डोकेदुखीपाशी थांबून बीपी परत घेतलंत, १४०/९० च्या खाली आहे म्हणालात, पण डोकं फारच ठणकलं, नीट दिसेनासं झालं, चेहरा सुजला तर तारखेची वाट न बघता सरळ निघून या असं दोनदा बजावलंत. आणि शेवटची ओळ मी खोडलेली होती, तिच्यावर बोट ठेवून विचारलंत, "हे काय होतं?"

मला रडूच फुटलं. मागचं बाळ दहाव्या आठवड्यात गेलं ते माझ्या हातून काही चुकलं म्हणून का, एवढंच होतं ते. नवऱ्यालाही कधी विचारायची हिंमत झाली नव्हती. तुम्ही पेन खाली ठेवलंत, उठून दार लोटलंत आणि सांगितलंत की इतक्या लवकर जातं तेव्हा बऱ्याचदा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, जिना चढला, बादली उचलली म्हणून होत नाही, "तुमचं काही चुकलं नाही". बाहेर एवढी रांग होती तरी माझे डोळे पुसून होईपर्यंत तुम्ही दार उघडलं नाहीत.

अशी माणसं भेटतात म्हणून बाई पुढच्या तारखेला परत येते, नाहीतर एकदा ओरडा खाल्ला की ती घरीच बसते आणि दुखणं अंगावर काढते. माझ्यासारख्या कितीजणी काय काय खोडून येत असतील.

चिठ्ठी अजून कार्डात जपून ठेवलीय. पुढच्या आठवड्यात लसीला आणतेय बाळाला, तेव्हा तुम्ही ड्युटीवर असा बाई.